रोझरी चर्च, जुने गोवे (१:१०० मापाचं मॉडेल): दर्शनी भाग आणि बुरूज

मोन्ते सांतो टेकडीवरच्या या चर्चचं काम १५४४ ते १५४९ मधलं. शैली मॅन्युएलाइन ही पोर्तुगीज शैली, पण तिला ज्याचं नाव आहे तो पोर्तुगालचा राजा मॅन्युएल १५२१ मध्येच वारला होता. जुन्या गोव्यातल्याच बॉम जेझू चर्चची सवय झालेल्या नजरेला हे चर्च गढीसारखं वाटतं, ते मुख्यतः गोल बुरुजांमुळे. ते फसले तर मॉडेल कुठल्याही चर्चचं वाटेल, म्हणून सुरुवात तिथूनच.

मापं फोटोवरून काढली. भिंतीला टेकवून २ मीटरची काठी ठेवायची, शक्य तितकं मागे जायचं आणि कॅमेरा सरळच धरायचा. वर तिरका केला की वरचा भाग आखडतो, घुमट बुटके येतात. ही चूक कागदावर कळत नाही, दोन बुरूज शेजारी उभे केल्यावर कळते.

बुरुजासाठी २५ मिमी वायरिंग पाइपवर २०० जीएसएम आयव्हरी कागदाचे दोन थर. कागदाचा धागा (तंतूंची दिशा) पाइपला समांतर हवा, आडवा असला तर गुंडाळताना घड्या पडतात. फेविकॉल पातळ लावा. जाड लावला तर कागद फुगतो आणि जोड उकलतो. घुमट लाकडी मण्याचे. मणी करवतीने मधोमध कापू नका, पात्याच्या जाडीइतकी उंची जाते. एका बाजूने घासत अर्ध्यावर आणा, एका घुमटाला एक मणी गेला तरी चालेल.

दोरखंडाची नक्षी हे सगळ्यात किचकट काम. क्रोशाचे दोन धागे पिळायचे, फेविकॉल आणि पाणी समसमान घेऊन त्यात बुडवायचे आणि दोन खिळ्यांमध्ये ताणून वाळवायचे. ओलेच चिकटवले तर पीळ सुटतो. रंग पातळ, दोन हात. तिसऱ्या हाताला पीळ बुजतो आणि नुसती पट्टी उरते.

रंग पांढराच, त्यात चिमूटभर पिवळी माती. बॉम जेझूचा गिलावा १९५० च्या दशकात काढला, म्हणून तिथला जांभा उघडा दिसतो. इथे चुन्याचा गिलावा आहे. तांबडी छटा फक्त पायाशी, ब्रश जवळजवळ कोरडा ठेवून.

आतल्या गर्भागारात (मुख्य वेदीच्या भागात) पोर्तुगीज गव्हर्नर गार्सिया द सा यांच्या पत्नी कातारिना यांची गुजराती धाटणीच्या कोरीव कामाची समाधी आहे. या मापात ती नक्षी कोरणं अशक्य, म्हणून फोटो लहान करून मॅट कागदावर छापून चिकटवणार. त्यासाठी छत सुटं ठेवलंय.