समासात चिताऱ्यांची नावे, मधोमध अनाम नर्तकी

मोगल दरबारातील नाचगाण्याची चित्रे पाहताना नजर आधी बादशहाच्या आसनाकडे जाते, आणि चिताऱ्यालाही तेच अपेक्षित असावे. तरीही अकबरनाम्यातील, म्हणजे अकबराच्या कारकिर्दीच्या सचित्र इतिहासग्रंथातील, एका चित्रापाशी मी दर वेळी अडखळतो, ते त्यात नाचणाऱ्या स्त्रियांमुळे. सुमारे १५९० ते १५९५ या काळातले हे चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. मांडणी केशव कलाँची, रंगकाम धरमदासाचे.

प्रसंग १५६१ सालचा आहे. सारंगपूरच्या लढाईत माळव्याचा बाजबहादूर हरला आणि पळाला, त्याच्या प्रिय रूपमतीने विष घेतले, आणि त्याच्या दरबारातील गायिका व नर्तकी मोगल सरदार अदहमखानाच्या हाती लागल्या. लुटीचा मोठा हिस्सा त्याने परस्पर स्वतःकडे ठेवल्यामुळे अकबर स्वतः माळव्यात धावून गेला, आणि त्या स्त्रिया त्याच्यासमोर नाचल्या; चित्रात आहे तो हाच क्षण. अकबरनाम्याचा लेखक अबुल फजल पुढे लिहितो की, त्या स्त्रियांपैकी दोघींना अदहमखानाने गुपचूप पळवून नेले आणि बोभाटा होऊ नये म्हणून त्याची आई माहम अनगा हिने त्या दोघींना ठार करविले. चित्रात या सगळ्याचा मागमूस नाही. त्यात आहे गिरकीबरोबर फुललेला वस्त्रांचा घेर, अंगावरचा रंग खालून दिसावा इतक्या पातळ हाताने रंगविलेली ओढणी आणि वाद्ये धरलेले साथीदार. लुटून आणलेल्या माणसांचे हे चित्र आहे, हे ठाऊक झाल्यावर ते पूर्वीसारखे पाहता येत नाही.

याच ग्रंथात माहम अनगाच्या थोरल्या मुलाच्या, बाकी मुहम्मदखानाच्या, लग्नसोहळ्याचेही चित्र आहे, आणि त्यात उंच टोप्या घातलेल्या नर्तकी मध्य आशियाई थाटात नाचताना दिसतात. एका भावाच्या लग्नात नाच, दुसऱ्याच्या लुटीत नाचणाऱ्या.

केशवाने कुंचला हाती घेतला तेव्हा त्या प्रसंगाला तीस वर्षे होऊन गेली होती. म्हणजे माळव्याच्या त्या स्त्रिया त्याच्यासमोर नव्हत्या. हातांची ठेवण आणि पदन्यास त्याने आपल्या काळातील नर्तकींवरूनच उचलले असणार, असे मला वाटते. अशा कलावंतांची माहिती अबुल फजलच्याच ऐन-ए-अकबरी या ग्रंथात आहे. कंचनी जमातीतले पुरुष पखवाज, रबाब आणि टाळ वाजवतात, तर स्त्रिया गातात आणि नाचतात, असे अबुल फजल सांगतो. दरबारी गवय्यांची यादी मात्र तो नावानिशी देतो. तीत तानसेन पहिला आहे आणि खुद्द बाजबहादूरही आहे, कारण पुढे १५७० मध्ये तो अकबराच्या चाकरीत आला. राज्य गमावलेल्या सुलतानाला गवई म्हणून यादीत जागा मिळाली. त्याच्या दरबारात नाचणाऱ्यांना ती मिळाली नाही.

मी पैठणचा असल्यामुळे ही यादी वाचताना मला नाथमहाराज आठवल्याशिवाय राहत नाहीत. ते अकबराचे समकालीन. १५९९ मध्ये, म्हणजे ही चित्रे पुरी झाल्यानंतर थोड्याच वर्षांत, त्यांनी गोदावरीत देह ठेवला. त्यांच्या भारुडांत वासुदेव, जोशी, भुत्या, गोंधळी, कोल्हाटी असे गावोगाव खेळ करून पोट भरणारे लोक येतात, आणि ते स्वतःच्या तोंडाने बोलतात. नाथांना त्यातून परमार्थ सांगायचा होता, आणि नावे तिथेही नाहीत, हे मान्यच आहे. पण त्यांचा हेल, त्यांची आर्जवे आणि दान मागण्याची रीत नाथांनी जवळून ऐकली होती, हे ओळीओळीतून कळते. नाथषष्ठीला वाळवंटात भारूड रंगते तेव्हा ते आजही कानांना जाणवते. माळव्याच्या नर्तकींच्या वाट्याला असा ऐकणारा आला नाही. त्या काय गात होत्या, कोणत्या बोलीत गात होत्या, अकबरासमोर उभे राहताना त्यांना पळवून नेलेल्या त्या दोघींची खबर होती का, याबद्दल अबुल फजलने एक ओळही लिहिली नाही, आणि धरमदासाच्या हाती फक्त रंग होते.