नॉर्मल

वर्डने काहीच विचारलं नाही. सकाळपासून एवढंच मनात घोळतंय.

टेम्प्लेट्स, म्हणजे पत्रांचे तयार साचे, आवरायला बसले होते. 'न्यू' उघडलं की बायोडेटा, कॅलेंडर, निमंत्रणपत्रिकांचे रंगीत चौकोन समोर. कामाचं त्यात एकही नाही. माझी सगळी 'पर्सनल'मध्ये, आणि नावं काय, तर 'पत्र', 'पत्र 2', 'पत्र नवं खरं'. एकेक उघडून पाहिलं, चार ठेवली, नीट नावं दिली. इथवर बरं वाटत होतं.

मग नॉर्मल.डॉटएमला हात लावला, वर्डचं प्रत्येक नवं कोरं पान जिच्यावरून बनतं ती फाइल. बंद करताना रोज प्रश्न यायचा, ग्लोबल टेम्प्लेटमधले बदल सेव्ह करायचे का. फाइल बिघडली असणार, म्हणून तिचं नाव बदलून 'नॉर्मल जुनं' केलं आणि वर्ड पुन्हा उघडलं. नॉर्मल जागेवर नसली की वर्ड आपणहून नवी करतं, हे ठाऊक होतं. तरी ते पान बघून पोटात कालवलं. कोकिला फॉन्ट, आकार 14, गेलेला. दीड ओळीचं अंतर गेलेलं. स्टाइल्सच्या, म्हणजे नाव देऊन ठेवलेल्या मांडण्यांच्या, यादीत 'मायना' नाही, 'आपली नम्र' नाही. ही नावं ताईने दिलेली, माझ्या शेजारी बसून, चहा गार होईपर्यंत.

आणि वर्ड गप्प. निदान एवढं तरी विचारायचं, इथे काहीतरी होतं, ते कुठे गेलं? तिने लावलेली घडी एका नाव बदलण्याने मोडली आणि कुणाला पत्ताही नाही. मोडली मीच. माझ्या हातून नेहमी असंच होतं, त्या दिवशी फोनवरही... जाऊ दे.

बराच वेळ नुसती बसले. मग भीत भीत जुनी पत्रं उघडली. सगळी जशीच्या तशी! पत्र सुरू करतानाच टेम्प्लेटमधल्या स्टाइल्स त्याच्यात उतरतात. पुढे टेम्प्लेट बदललं तरी पत्र आपलं रूप सोडत नाही, 'ऑटोमॅटिकली अपडेट'वर टिक नसेल तर. ती कधीच नव्हती. तीन वर्षांपूर्वीच्या पत्रातही मायन्याखाली तेवढीच मोकळी जागा. ती जागा बघून मला एकदम हलकं वाटलं, कितीतरी वेळ बघत राहिले.

मग 'मॅनेज स्टाइल्स'मधून 'इम्पोर्ट/एक्स्पोर्ट' उघडलं. डाव्या यादीत 'नॉर्मल जुनं', उजव्या यादीत नवी नॉर्मल. 'मायना' निवडलं, कॉपी. 'आपली नम्र', कॉपी. दोन्ही नावं उजवीकडे आली तेव्हा ती हळूच मोठ्याने वाचली. 'नॉर्मल जुनं' काढून टाकणार नाही, राहू दे.

बंद करताना आता तो प्रश्नही येत नाही.

समास मात्र तिथून येत नाहीत. यादीत फक्त स्टाइल्स आणि मॅक्रो. ते पेज सेटअपमध्ये जाऊन हाताने घातले आणि 'सेट ॲज डिफॉल्ट' केलं. डावा समास ताईने दीड इंच ठेवला होता. मी सव्वा ठेवला. दीड मला तेव्हाही जास्तच वाटला होता, बोलले नव्हते.