पोटातली कुळं

आमच्याकडे म्हाताऱ्या माणसाला तब्येत विचारली की गुडघे, डोळे, बीपी यांचा नंबर मागाहून लागतो, आधी पोट. अण्णा सकाळी कोमट पाणी पितात, परसदारी जाऊन येतात आणि चेहरा सैल करून ओटीवर बसतात. मग घरात बोलणी सुरू होतात. त्याआधी कुणी सहहिस्सेदारांचं नाव काढलं तर पानाचा डबा आपटला जातो. "अरे, अजून व्हायचंय त्यांचं, जरा दमानं घे," असं काकू आतून बजावते. सामायिक जमिनीच्या कागदावर सही हवी असेल त्यानं हे वेळापत्रक पाळावं. राजापूर तालुक्यातल्या निम्म्या वाटण्या कदाचित याच कारणानं रखडल्या असतील.

काकूचं हे शास्त्र प्रयोगशाळेनंही मनावर घेतलंय. 2004 साली जपानी संशोधकांनी पोटात एकही जंतू नसलेले उंदीर वाढवले आणि त्यांना थोडा वेळ कोंडून ठेवलं. साध्या उंदरांपेक्षा त्यांच्या रक्तात ताणाची संप्रेरकं कितीतरी जास्त उसळली. लहान वयातच त्यांच्या पोटात जिवाणू सोडले तर गडी बरेच ताळ्यावर आले. उशिरा सोडले तर नाही. पुढे 2011 मध्ये आयर्लंड आणि कॅनडातल्या मंडळींनी उंदरांना लॅक्टोबॅसिलस नावाचे एका जातीचे जिवाणू चारले. उंदीर कमी घाबरट झाले. मेंदूपासून पोटापर्यंत उतरणारी व्हेगस नावाची लांबलचक नस आहे, ती कापल्यावर मात्र हा सगळा परिणाम नाहीसा झाला. म्हणजे पोटातली खबर वर पोचवणारी तार खरोखरच आहे.

पोटातले हे जिवाणू आहेत तरी किती? 2016 साली इस्रायलमधल्या शास्त्रज्ञांनी नव्यानं हिशेब मांडला. माणसाच्या अंगात सुमारे 38 लाख कोटी जिवाणू, बहुतेक मोठ्या आतड्यात. आणि माणसाच्या स्वतःच्या पेशी 30 लाख कोटी. वजन म्हणाल तर सगळ्या जिवाणूंचं मिळून जेमतेम 200 ग्रॅम. हे वाचलं आणि मला आमच्याकडचे जुने खोत आठवले. खोत ओटीवर लोडाला टेकून मिशीला पीळ देणार, जमीन कसणार कुळं. पोटाचंही तेच. आपण नुसते नावाचे मालक.

कुळं खंड, म्हणजे जमिनीचं भाडंही चुकतं करतात. आपल्याला न पचलेला चोथा आंबवून ती ब्युटिरेट नावाचं आम्ल तयार करतात आणि मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी मुख्यतः त्यावरच जगतात. थोडं के जीवनसत्त्वही देतात. बदल्यात त्यांना आपण काय द्यायचं? मैदा-साखर वरच्या वरच शोषली जाते, खालपर्यंत पोचतच नाही. पोचतं ते नाचणीच्या भाकरीतलं, कुळथातलं, शेवग्याच्या पाल्यातलं. शिळ्या भातातलंसुद्धा, कारण भात निवला की त्यातला थोडा स्टार्च असा काही घट्ट होतो की आपल्या पाचकरसांना दाद देत नाही. रात्रीचा भात सकाळी ताकात कालवून, वर मिरचीची फोडणी देऊन खाणाऱ्याला हे ठाऊक असायची गरज नव्हती. कुळांना उपाशी ठेवलं तर काय होतं, तेही उंदरांत दिसलंय: ती आतड्याच्या अस्तरावरचा चिकट थरच खायला लागतात. खोताच्या वाड्याची भिंत पोखरल्यासारखं.

आणि अँटिबायोटिक म्हणजे सरसकट बेदखली. चांगलं कूळ, वाईट कूळ असा पंक्तिभेद औषधाला फारसा जमत नाही. तरी लावणीच्या दिवसांत चिखलात उभं राहून लेप्टोचा ताप आला तर डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या निमूट पुऱ्या कराव्या; तिथे कुळांची कणव नको.

हल्ली मात्र व्हॉट्सॲपवर कोकणातला प्रत्येक पदार्थ प्रोबायोटिक, म्हणजे पोटाला चांगले जिवंत जिवाणू पुरवणारा, झालाय. सोलकढीसुद्धा! तिचा आंबटपणा आमसुलाचा, त्यात जिवाणूंनी काहीही केलेलं नाही. आंबोळीचं पीठ रात्रभर फुगतं ते जिवाणूंमुळे खरंच, पण बिडाच्या तव्यावर चर्र झालं की ते सगळे कैलासवासी. पचायला हलकी म्हणून खा, चवीसाठी खा, पण जिवंत जिवाणू हवे असतील तर घरचं दही, ताक. तसंच ते सेरोटोनिनचं, म्हणजे मन प्रसन्न ठेवतं म्हणून गाजवलेल्या रसायनाचं: पोट सुधारा, मन आपोआप सुधारेल. शरीरातलं सुमारे 90 टक्के सेरोटोनिन आतड्यात तयार होतं हे खरं, पण ते रक्तातून मेंदूत शिरत नाही. एवढी अर्धी माहिती घेऊन, मन खचलेल्या माणसाला ताक पाजत घरी बसवणारे सल्लागार भेटले की माझं डोकं फिरतं. त्याला आधी डॉक्टरकडे न्या हो, ताक येताना पाजा.

कुळांची खरी दिवाळी पावसाळ्यात असते. उन्हाळ्यात फणस फोडताना काढलेल्या आठळ्या मातीत घोळवून ठेवलेल्या असतात. बाहेर धो धो लागलेला असतो, लाइट गेलेली असते, आणि काकू वैलाच्या राखेत मूठभर आठळ्या सारते. साल तडकते, आत पिवळसर गर, वर मिठाचा खडा. पाच-सहा खाव्यात असं प्रत्येक जण ठरवून बसतो आणि टोपली रिकामी करून उठतो. आठळीतला न पचलेला स्टार्च थेट कुळांच्या दारात जातो. मग मध्यरात्री त्यांचा जो उत्सव सुरू होतो त्यातून हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि काहींच्या नशिबी मिथेनसुद्धा निघतो. मुंबईहून आलेला पुतण्या हल्ली आठळ्यांकडे बघतो, हात पुढे करतो आणि मागे घेतो.

"खा रे, पोटाला चांगल्या असतात," काकू म्हणते.

"माहितेय गं," तो म्हणतो, "पण उद्या परतीचं तिकीट एसीचं आहे."