सील लागलं त्याच दिवशी

न्यूरोबायोलॉजीत पुढे काय असं पोरं विचारतात तेव्हा माझं पाठ आहे, नेट-जेआरएफ, पीएचडी, बाहेर पोस्टडॉक म्हणजे पीएचडीनंतरची तात्पुरती रिसर्च, मग रामलिंगस्वामी नाहीतर इन्स्पायर फॅकल्टी अशी मुदतीची फेलोशिप, मग कुठं जागा निघाली तर पर्मनंट. मे महिन्यातल्या त्या दिवसापासून हे सांगताना मीच अडखळते.

आम्ही उंदराच्या हिप्पोकॅम्पसचे, म्हणजे मेंदूतल्या आठवणींच्या भागाचे, 300 मायक्रॉनचे स्लाइस करून पॅच क्लॅम्प करतो, म्हणजे पिपेट ही बारीक काचेची नळी एका सेलला (पेशीला) चिकटवून त्याची वीज मोजतो. प्रोटोकॉलमध्ये लिहिलेलं असते, स्लाइस अर्धा तास 34 डिग्रीला, नंतर रूम टेम्परेचरला ठेवा. लिहिणाऱ्याची रूम 22 ची. नागपुरात मे मध्ये लाइट गेली, एसी बंद झाला, की रूम टेम्परेचर काय होते ते सांगायला नको, सेल फुगून मरतात. म्हणून उन्हाळ्यात आम्ही उजाडायच्या आधी येतो, लाइटवाल्यांच्या भरवशावर सायन्स होत नसते बाप्पा.

त्या दिवशी चौथ्या वर्षाची माझी पोरगी, उमरेडकडची, रिगवर म्हणजे रेकॉर्डिंगच्या सेटअपवर होती. पिपेट सेलवर टेकवली, छोटा खळगा दिसला, प्रेशर सोडलं, आणि तोंडातल्या नळीनं ओढलं, गरम चहाच्या पहिल्या घोटाहून हलकं. रेझिस्टन्सचा 5 मेगाओहमचा आकडा सरसर चढत गिगाओहमवर, म्हणजे पिपेट सेलला घट्ट चिकटली, सील लागलं. या तंत्राला 1991 चं नोबेल मिळालं, पण हात बसायला अजूनही वर्ष जाते आणि काहींचा बसतच नाही. खरी कसोटी तर पुढे, सेल उघडला की आतलं सामान पिपेटमध्ये धुऊन जायला लागते, दहाएक मिनिटांत टेटॅनस, म्हणजे विजेच्या झटपट ठोक्यांची माळ, नाही दिला तर एलटीपी, म्हणजे सेलमधलं कनेक्शन मजबूत होऊन टिकणं, विसरा. तिनं वेळेत दिला. रिस्पॉन्स दुप्पट झाला आणि तासभर खाली आलाच नाही, सिरीज रेझिस्टन्स, म्हणजे पिपेट आणि सेलमधला अडथळा, हललासुद्धा नाही. इतकं स्वच्छ रेकॉर्डिंग आमच्या रिगवर आधी कोणाचंच नव्हतं, माझंही नाही.

डेटा सेव्ह करता करता म्हणते, "मॅडम, सोमवारी सुट्टी पाहिजे, डॉक्युमेंट व्हेरिफिकेशन आहे."

"कशाचं?"

"तलाठीचं."

आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात त्याला. बेसिक 25,500, डीए-एचआरए धरून जवळपास तिच्या 42,000 च्या फेलोशिपएवढंच. मी हे बोललेही. ती म्हणे, "मॅडम, ते महिन्याच्या महिन्याला येते, आणि 58 पर्यंत येते." आमची फेलोशिप पाच वर्षांत संपते, ती पण चार-चार महिने अडकून राहते, आणि ज्यांच्या टेबलावर अडकते त्यांचा पगार मात्र कधी अडकलेला मी पाहिला नाही. घरमालक ग्रँटच्या खर्चाचं यूटिलायझेशन सर्टिफिकेट पाहून थांबतो का?

डिपार्टमेंटमध्ये काही जण म्हणाले, सीट वाया घालवली पोरीनं. यातल्या कोणालाच स्वतःची पर्मनंट नोकरी लागायला पस्तिशी उलटावी लागली नव्हती. मला तिचा राग येत नाही, पण सात-बारा काढून देणाऱ्या त्या हातांचा विचार केला की झोप उडते हे खरं.

तिच्या जागेची जाहिरात दिली. पहिल्याच फोनवर पोरानं विचारलं, पर्मनंट होते का मॅडम? नाही म्हटलं. तरी येतो म्हणाला इंटरव्ह्यूला, नेट निघाली आहे म्हणे. सोबत एमपीएससी करून राहिला का, तेवढं यावेळी आधीच विचारणार आहे.