नोकऱ्यांचा आकडा आणि हजेरीपट

सामंजस्य करारावर सह्या झाल्या की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात दोन आकडे हमखास असतात: गुंतवणूक किती कोटींची आणि रोजगार किती हजारांना. ऑगस्ट 2015 मध्ये फॉक्सकॉन या इलेक्ट्रॉनिक वस्तू बनवणाऱ्या तैवानी कंपनीने महाराष्ट्र सरकारशी केलेल्या कराराच्या वेळी ते 5 अब्ज डॉलर आणि 50,000 नोकऱ्या असे होते. जानेवारी 2020 मध्ये तत्कालीन उद्योगमंत्री सुभाष देसाई यांनी हा प्रकल्प होणार नसल्याचे जाहीर केले. सामंजस्य करार बंधनकारक नसल्यामुळे त्या आकड्याचा जाब विचारण्याची सोयही त्यात नव्हती.

याच कंपनीने 2017 मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याला 10 अब्ज डॉलरची गुंतवणूक आणि 13,000 नोकऱ्यांचे आश्वासन दिले आणि राज्याने सुमारे 3 अब्ज डॉलरच्या सवलती देऊ केल्या. फरक असा की, तेथील करारात कोणत्या वर्षअखेरीस किमान किती नोकऱ्या असाव्यात, कोणता कर्मचारी मोजणीस पात्र ठरावा आणि सरासरी वेतन किती असावे, हे लिहिलेले होते. 2019 च्या अखेरीस किमान 520 पात्र कर्मचारी असणे आवश्यक असताना राज्याच्या आर्थिक विकास महामंडळाच्या हिशेबात ते 281 भरले. शिवाय ठरला होता तो कारखानाच उभा राहत नसल्याचे कारण देऊन महामंडळाने त्या वर्षाची करसवलत नाकारली. 2021 मध्ये करार नव्याने झाला, तेव्हा 13,000 चे 1,454 झाले आणि सवलतीची कमाल मर्यादा 8 कोटी डॉलरवर आली. मात्र माउंट प्लेझंट या गावाने आणि रासीन काउंटीने जमीन, रस्ते आणि पाणी यांवर केलेला खर्च तोवर होऊन गेला होता. नोकऱ्यांची अट राज्याच्या सवलतीला होती; स्थानिक संस्थांचा पैसा मात्र आधीच पायाभूत सुविधांत गेला होता. मला या प्रकरणात सर्वांत बोधप्रद वाटते ती हीच विसंगती.

मोजणी आपल्याला अपरिचित आहे, असे मुळीच नाही. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमी योजनेचा कायदा महाराष्ट्राने 1977 मध्ये केला; तिच्या खर्चासाठी 1975 पासून लावलेला व्यवसाय कर आजही पगारपत्रकात कापलेला दिसतो. बांधावर माती टाकणाऱ्या मजुराचे काम मनुष्यदिवसांत मोजले जाते, हजेरीपटावर त्याचे नाव असते, झालेल्या खोदाईचे मोजमाप घेतले जाते आणि मगच मजुरी निघते. हजेरीपटांवर खोटी नावे चढवल्याचे गैरप्रकारही झाले, पण ते पकडता आले ते हजेरीपट अस्तित्वात होते म्हणूनच. उद्योगांना राज्य वस्तू व सेवा कराच्या प्रमाणात अनुदान देताना मात्र ‘प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष’ अशा एकाच गाठोड्यात बांधलेल्या आकड्यावर आपले समाधान होते. अप्रत्यक्ष म्हणजे चहाची टपरी धरायची की सुटे भाग पुरवणारा कारखाना, आणि ठेकेदाराकडून सहा-सहा महिन्यांसाठी येणारा कामगार एकदा मोजायचा की दर वेळी नव्याने, हे जाहीर झालेल्या आकड्यावरून कळत नाही.

अर्थात डोकी अचूक मोजली तरी एक अवघड प्रश्न उरतोच: सवलत दिली नसती, तर कारखाना आला नसता का? अमेरिकी अर्थतज्ज्ञ टिमोथी बार्टिक यांनी 2018 मध्ये अनेक अभ्यासांचा आढावा घेऊन असा अंदाज मांडला की, सवलत मिळालेल्या कंपन्यांपैकी साधारण 2 ते 25 टक्के कंपन्यांचाच निर्णय सवलतीमुळे बदलला असावा. तो मानला, तर उरलेल्या नोकऱ्या योजनेच्या खात्यावर जमा करता येत नाहीत, मग हजेरीपट कितीही चोख असो. विस्कॉन्सिनमध्येही 2023 मध्ये फॉक्सकॉनसाठी राखलेल्या क्षेत्रातील जमीन मायक्रोसॉफ्टने डेटा सेंटरसाठी घेतली. तेथील नोकऱ्या 2017 च्या कराराचे फळ मानायच्या की नव्या सौद्याचे, याचे उत्तर जो तो आपल्या पक्षाच्या सोयीने देणार. तरीही आधी डोकी तरी मोजावीत, असे माझे मत आहे, कारण नोकऱ्या किती झाल्या हेच नक्की नसेल, तर त्या कशामुळे झाल्या याचा वाद घालता येत नाही.