सोलापूरची गाडी गुहागरच्या आगरात: दमट हवेसाठी केलेले बदल

गेल्या नोंदीत गाडीतल्या १२ व्होल्टच्या कूलरबद्दल सविस्तर लिहिलं होतं. तो आता गाडीत नाही. सोलापुरात मे महिन्यात पारा ४२च्या वर गेला तरी हवा इतकी कोरडी असते की ओल्या जाळीतून येणारा वारा खरंच गार लागतो. समुद्राकाठी हवेत आधीच पाणी भरलेलं. तिथे जाळीवरचं पाणी उडत नाही, उलट गाडीतली ओल वाढते. म्हणून सोलापूरची जानेवारीतली गड्ड्याची यात्रा आटोपून कोकणात जायचं ठरलं, तेव्हा पहिलं काम कूलर उतरवण्याचं.

नवीन मंडळींसाठी: हे रेल्वेतून निवृत्त, मी वीज मंडळातून. गाडी छोटी ट्रॅव्हलर, कागदोपत्री मोटर कॅरॅव्हॅन, म्हणजे राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी म्हणूनच नोंदलेली. तिसरी प्रवासी बिजली, आमची कारवानी कुत्री. गाडीतला जवळजवळ प्रत्येक निर्णय तिच्याकडे बघून होतो, आणि तो तसाच व्हावा असं आम्हा दोघांनाही वाटतं.

कूलरच्या जागी आता दोन पंखे आहेत. एक छताच्या झडपेत, हवा बाहेर फेकणारा. दुसरा सावलीकडच्या खिडकीत अगदी खाली, बाहेरची हवा आत ओढणारा. दोन माणसं आणि एक धापा टाकणारं कुत्रं रात्रभर बंद गाडीत राहिलं तर पहाटे पत्र्यावर थेंब धरतात आणि गाद्या ओलसर होतात. दोन्ही पंखे मंद चालू ठेवले की थेंब धरत नाहीत. गळलेला गॅस बाहेर जाण्यासाठी जमिनीलगतचा झरोका मात्र वेगळाच ठेवला आहे आणि तो कायम उघडा असतो. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो. त्याला वाट खालूनच हवी.

आता बिजलीबद्दल, कारण कुत्रं घेऊन जाणाऱ्यांनी हे नीट वाचावं असं मला मनापासून वाटतं. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकतो, जिभेवरची आणि घशातली ओल उडते, आणि अंग गार होतं. म्हणजे तोही एक कूलरच. हवा दमट असली की त्याचंही तेच होतं: धाप वाढते, गारवा येत नाही. सोलापूरच्या कोरड्या ३८ अंशांत अंगणात निवांत पडणारी बिजली गुहागरला ३१-३२ अंशांतच जीभ बाहेर काढून बसत होती. त्यामुळे सकाळी नऊनंतर आणि ऊन कलेपर्यंत तिचं फिरणं बंद. गाडीत तिला एकटं ठेवायचं नाही, पंखे चालू असले तरी नाही. हिरड्या लालभडक, लाळ चिकट आणि चाल डळमळीत दिसली तर साधं पाणी अंगावर ओतायचं, वारा घालायचा आणि तडक डॉक्टर गाठायचा. तशी वेळ आली नाही, पण पंढरपुरी पिशवीत तिच्या पाण्याची कॅन कायम खांद्याला होती. समुद्राचं पाणी कुत्रं पितंच, आणि मग उलट्या-जुलाब सुरू होतात. तहान आधीच भागवलेली असली की ते टळतं.

रस्ता सोपा. मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर, मग आंबा घाट उतरून हातखंबा. घाटाच्या आधी बिजलीला खायला दिलं नाही. पहिला मुक्काम मालगुंडला. तिथून जयगड-तवसाळ फेरीबोटीने खाडी ओलांडली आणि हेदवी, वेळणेश्वर करत गुहागरला. फेरीबोटीवर हँडब्रेक ओढून, खिडक्या उघड्या ठेवून मी बिजलीजवळच बसून होते.

गुहागरला एका आगरात, नारळी-पोफळीच्या सावलीत जागा मिळाली. सावली माणसाला बरी, सोलरला नाही. आमचे २०० वॅटचे दोन पॅनेल सिरीजमध्ये, म्हणजे एकापुढे एक जोडलेले होते. सोलापुरात छपरावर सावली कसली? इथे मात्र एका पॅनेलवर झावळी आली की फटका दोघांना बसला असता. निघण्याआधीच ते पॅरलल, म्हणजे शेजारी-शेजारी जोडून घेतले होते, ते कामी आलं. पॅरललमध्ये व्होल्टेज एका पॅनेलइतकंच राहतं आणि करंट दुप्पट, म्हणून चार्जरपर्यंतची वायर ६ ऐवजी १० चौरस मिलिमीटरची टाकली. लिथियम फॉस्फेटच्या दोन बॅटऱ्या, प्रत्येकी १२.८ व्होल्ट, १०० अँपिअर-अवर. म्हणजे एकूण २,५६० वॅट-अवर. रोजचा खर्च फ्रीज साधारण ५०० वॅट-अवर, पंखे तेवढेच, दिवे-मोबाईल-पाण्याचा पंप १५० धरा. सोलरने काहीच दिलं नाही तरी दोन दिवस निभतं.

आगराचे मालक काका म्हणाले, "ताई, पंपाच्या खोलीत पॉइंट आहे, लावा की बिनधास्त." मी आधी टेस्टर लावला. अर्थिंग नव्हतं. ओली माती, पत्र्याची गाडी आणि ओल्या पायांचं कुत्रं असताना हे फार महत्त्वाचं आहे. बॉडीत करंट उतरला तर रबरी चपला घातलेल्या माणसाला कदाचित जाणवणार नाही, पण पायरीवर पंजा ठेवणाऱ्या कुत्र्याला थेट बसेल. गाडीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आहेच, तरी तो पॉइंट वापरला नाही. काकांना कारण समजावून सांगितलं आणि त्यांनी लगेच वायरमनला निरोप धाडला.

त्याच काकांनी आम्हाला भरतीचा हिशेब शिकवला. तिथीचा आकडा तीनने गुणायचा, चाराने भागायचा. येतील तितक्या वाजता पूर्ण भरती. पंचमीला पंधरा भागिले चार, म्हणजे पावणेचार. साधारण सहा तासांनी ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला हिशेबाने भरती सव्वाअकराच्या आसपास येते, म्हणजे पहाटे सव्वापाचच्या सुमारास पाणी सर्वांत मागे. तेव्हा घट्ट, ओली, गार वाळू लांबवर मोकळी होते. कुत्रं फिरवायला याहून चांगली वेळ नाही. पुढच्या मुक्कामाच्या तारखा आम्ही पंचांग समोर ठेवूनच ठरवणार.

पण मोकळी वाळू दिसली म्हणून पट्टा सोडायचा नाही. कारवानी नजरेने शिकार धरणारी जात. खेकडा हलला की ही सुटलीच. आणि हे महिने ऑलिव्ह रिडले कासवांच्या विणीचे. वेळासला २००२मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रने सुरू केलेलं हे काम आता किनाऱ्यावर गावोगावी चालतं. कासवमित्र पहाटे पावलांच्या खुणा शोधत फिरतात, अंडी हॅचरीत, म्हणजे ती उबवायच्या सुरक्षित जागेत नेतात. कुत्री घरटी उकरतात, ही त्यांची जुनीच डोकेदुखी. बाहेरून आलेल्या कुत्र्याने त्यात भर घालू नये. दहा मीटरची दोरी कमरेला बांधून हे बिजलीबरोबर चालायचे. किनाऱ्यावर पडलेल्या मेलेल्या माशांपासूनही तिला लांब ठेवलं. त्यात केंड (अंग फुगवणारा मासा) असला तर तो विषारी असतो.

मिठाचा बंदोबस्त: उघड्या सगळ्या टर्मिनलना व्हॅसलीन, नव्या वायरी कथिलाचा मुलामा असलेल्या, आणि परत येताच गोड्या पाण्याने गाडीचं पोट धुणं. गाडी वाळूवर नेलीच नाही.

स्वयंपाकघरात कडक भाकरी आणि शेंगाचटणी होती. घरी महिनाभर टिकणारी भाकरी इथे उघडी राहिली की सादळते, म्हणून पत्र्याच्या घट्ट डब्यात ठेवली. जाड सोलापुरी चादर धुतली तर दोन दिवस वाळत नाही. टेरी टॉवेल मात्र बिजलीला पुसायला उत्तम.

पुढचं काम: सावलीकडच्या बाजूला गुंडाळता येणारी ताडपत्री, आणि बिजलीसाठी न घसरणारी लाकडी पायरी. आठ वर्षांची झाली, उडी मारून चढताना मागचे पाय जड वाटतात. पायरीला काथ्याचं पायपुसणं लावावं की रबर, यावर आमच्यात एकमत नाही. मोठ्या कुत्र्यासाठी कुणी केली असेल तर उतार किती ठेवला ते सांगा.