रेट लिस्टची पेटी: पावसाळ्यानंतरची आवराआवर आणि नवी भर

पाऊस सरला, कागद खडखडीत वाळले आणि माळ्यावरच्या पेट्या खाली आल्या. या खेपेला जी भर पडली तिच्यात गुळगुळीत, रंगीत ब्रोशर कमी आणि रेट लिस्टच जास्त. हाय-फायची, म्हणजे घरी गाणी ऐकायच्या चांगल्या प्रतीच्या यंत्रांची, जुनी कागदपत्रं जमवणाऱ्या बहुतेकांना हे उलटं आवडलं असतं. मी मात्र खूश आहे.

ब्रोशर गिऱ्हाईक घरी न्यायचं. वस्तू घेणं परवडलं नाही तरी चित्रं बघायला म्हणून कपाटात जपून ठेवायचं. रेट लिस्ट दुकानदाराची. नवी आली की जुनी केराच्या टोपलीत, कारण चुकून जुना दर सांगितला तर खिशाला चाट. म्हणून ब्रोशर अजूनही मिळतात, रेट लिस्ट मिळत नाहीत. आणि ब्रोशर वाचून कंपनीला काय मिरवायचं होतं ते कळतं. माणसाने खिशातून नक्की किती काढले ते रेट लिस्टच सांगते. एक्साइज वेगळी, विक्रीकर वेगळा, जकात वेगळी.

सगळ्यात चांगला कागद पुण्याच्या जुन्या बाजारात, रेडिओ दुरुस्तीच्या सर्किटांच्या गठ्ठ्यात मिळाला. विक्रेता गठ्ठा फोडायला तयार नव्हता, म्हणून सगळाच किलोवर उचलला. फुलस्केप आकार, सायक्लोस्टाइल केलेला (स्टेन्सिलवरून प्रत काढलेला), शाई मधेमधे फुटलेली. टाइपरायटरचा ‘ई’ प्रत्येक ठिकाणी आतून भरलेला. रेकॉर्ड प्लेअर, चेंजर (रेकॉर्ड आपोआप बदलणारा), अॅम्प्लिफायर, जोडीने स्पीकर; पुढे छापील दर आणि त्यापुढे निळ्या पेन्सिलीने दुकानदाराचा स्वतःचा आकडा. काही ओळींवर सरळ काट मारलेली, म्हणजे माल येणं बंद. मागच्या कोऱ्या बाजूला कुणीतरी हप्त्यांचा हिशेब मांडलाय: आधी किती भरायचे, मग महिन्याला किती. बेरीज दोनदा केलीय आणि दोन्ही वेळा वेगळी आलीय!

साल कुठेच नाही. रेट लिस्टचं हे नेहमीचंच दुखणं. तारीख असली तरी ‘१ मार्चपासून लागू’ एवढीच. मार्चच का, तर बजेट तेव्हा फेब्रुवारीअखेर संध्याकाळी पाचला मांडलं जायचं, एक्साइज बदलली की रातोरात दर बदलायचे. या कागदावर रबरी शिक्का आहे आणि पत्त्यात नुसतं ‘मुंबई-७’. पिन कोड आपल्याकडे १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झाला. सहा आकडी पिन छापलेला कागद त्याआधीचा असूच शकत नाही. पण पिन नाही म्हणून कागद आधीचा, असं मात्र धरू नका. जुने शिक्के आणि लेटरहेड संपेपर्यंत वापरायची आपली रीत आहे. त्यामुळे वहीत या कागदापुढे ‘सत्तरीचा पूर्वार्ध?’ असं प्रश्नचिन्हासकट लिहिलंय. रेडिओच्या जुन्या लिस्टवर ‘नये पैसे’ दिसले तर काम सोपं: १ एप्रिल १९५७ ते ३१ मे १९६४. त्यानंतर ‘नये’ गळलं.

ब्रिटिश कागद लेस्टरहून आलेल्या एका नातेवाइकाच्या सामानातून मिळाले. गॅरार्डचे (रेकॉर्ड प्लेअरवाले), क्वाडचे (अॅम्प्लिफायरवाले) आणि तिथल्या दुकानांच्या दरांच्या दोन लांबट पट्ट्या. यांची सालं काढायला तर मजा येते. १५ फेब्रुवारी १९७१पर्यंत पौंड-शिलिंग-पेन्स, त्यानंतर दशमान. परचेस टॅक्स हा तिथला जुना कर १ एप्रिल १९७३ला गेला आणि व्हॅट आला. म्हणजे किंमत दशमान आणि शेजारी परचेस टॅक्सचा रकाना असेल, तर कागद दोन वर्षांहून थोड्याच जास्त काळाच्या चिमट्यात सापडतो. पुढे व्हॅटचा दरच साल सांगतो: सुरुवातीला १० टक्के, १९७४च्या जुलैअखेर ८, मग मे १९७५पासून हाय-फाय चैनीच्या वस्तूंत धरून थेट २५ टक्के, एप्रिल १९७६ला साडेबारा, जून १९७९ला १५. माझ्या एका पट्टीवर २५ टक्के छापलंय. अकरा-बारा महिनेच टिकलेला दर, त्यामुळे ती पट्टी मी वेगळ्या पाकिटात ठेवलीय.

जपानी कॅटलॉगना एवढा खटाटोप लागत नाही. मागच्या पानावर तळाशी बारीक अक्षरात महिना आणि साल बहुतेकदा असतं. शोवा साल (जपानी सम्राटाच्या कारकिर्दीवरून मोजलेलं) असेल तर १९२५ मिळवा. शोवा ५४ म्हणजे १९७९. एक मेख तेवढी लक्षात ठेवा: स्पीकरची किंमत जोडीची नव्हे, बहुतेकदा एका नगाची असते. यामाहा एनएस-१०००एमचे १९७४ सालचे १,०८,००० येन एकाच स्पीकरचे, हे न कळता बऱ्याच तक्त्यांत तो ‘स्वस्त’ होऊन बसलाय.

अमेरिकन ब्रोशरमध्ये वॅटची, म्हणजे अॅम्प्लिफायरच्या ताकदीची, ओळ बघा. दोन्ही चॅनेल चालू असताना, किती ओहमवर, किती डिस्टॉर्शनला (आवाज किती बिघडतो), असं सगळं साग्रसंगीत लिहिलं असेल तर ते १९७४च्या सरकारी नियमानंतरचं. आपल्याकडे मात्र पुढे पीएमपीओचं, म्हणजे क्षणभराच्या फुगवलेल्या वॅटच्या आकड्यांचं, पीक आलं आणि टू-इन-वनवर (रेडिओ-कॅसेट प्लेअरवर) शेकड्यांनी वॅट छापले गेले. असले कागद मी घेतो, पण वेगळ्या फायलीत. हाय-फायच्या शेजारी ठेवायला मन होत नाही.

आता जपणुकीचं. यंदा सगळ्या स्टेपलर पिना काढल्या. गंजलेली पिन ओढायची नाही. मागून तिचे पाय बोथट सुरीने सरळ करून मग अलगद उचलायची. आर्ट पेपरची ब्रोशर उभी, थोडी मोकळी ठेवलीत, कारण ओल लागली की त्यावरचा लेप विरघळून पानं एकमेकांना चिकटतात आणि सोडवताना छपाईच निघून येते. पीव्हीसीचे फोल्डर हद्दपार केले; त्यांना शाई चिकटते. पॉलिएस्टरची पाकिटं महाग पडतात, म्हणून तूर्त ती रेट लिस्टपुरतीच. कसरीने एका कोपऱ्याला हात घातला होता, तिथे बाकी काही न करता पेटी बदलली.

स्कॅनिंग निम्मं झालंय. छापील फोटोंवर जाळी उमटते, म्हणून ६०० डीपीआयला स्कॅन करून नंतर लहान करतो. पेन्सिलीच्या खुणा पुसट असल्या तरी कृष्णधवल स्कॅन करू नका. निळी पेन्सिल त्यात नाहीशी होते आणि दुकानदाराचा खरा भाव नेमका तिथेच असतो.

पुढचा शोध ठाण्याला बनलेल्या मर्फीच्या नये पैशातल्या दरपत्रकाचा, आणि सोनोडाइन, कॉस्मिक या देशी हाय-फाय कंपन्यांच्या डीलर लिस्टचा. बदल्यात द्यायला माझ्याकडे कॅसेट डेकची दुबार आलेली ब्रोशर आहेत, मेटल टेपच्या जमान्यातली. एकाला पंचिंगची भोकं आहेत, हे आधीच सांगून ठेवतो.